घराची निरवानिरव



नोव्हेंबर महिना आपण आपल्या मृतांच्या स्मरणाला वाहिलेला आहे. २ तारखेला आपण कबरस्थानात जमलो, कबरी झाडल्या, मेणबत्त्या लावल्या, फुले वाहिली, पवित्र पाण्याचे शिंपण झाले. अशा दिवशी मला माझ्या आधीच्या एका धर्मग्रामातली एक कबर नेहमी आठवते. तिथे एका वडिलांच्या कबरीवर दरवर्षी दोनदा मेणबत्त्या लागत. थोरला मुलगा मिस्साच्या आधी येऊन जाई, धाकटा सगळे पांगल्यावर येई. बहीण तर त्या गावी येणेच बंद झाली होती. भांडण होते दोन खोल्यांच्या घराचे. वडील चांगले होते, श्रद्धावान होते, रोज जपमाळ म्हणणारे होते. त्यांनी फक्त एक काम केले नव्हते. आपल्यामागे घराचे काय करायचे, हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते आणि कुठे लिहूनही ठेवले नव्हते.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात हिज्कीया राजा आजारी पडतो. संदेष्टा त्याच्याकडे येतो आणि सांगतो की तुझा शेवट जवळ आला आहे, तेव्हा घराची निरवानिरव करून घे. देवाच्या माणसाने मरणाऱ्याला दिलेला हा पहिला सल्ला आहे हे ध्यानात घ्या. राजा भिंतीकडे तोंड फिरवून रडतो, प्रार्थना करतो आणि देव त्याला आणखी पंधरा वर्षे देतो. मला वाटते, आपल्यापैकी जे साठीला निवृत्त झाले, त्यांच्या हाती अशीच वाढीव वर्षे आली आहेत. आपल्या धर्मग्रामात पाण्याच्या संशोधन केंद्रातून निवृत्त झालेले आहेत, एनडीएच्या नागरी सेवेतले आहेत, पाटबंधारे खात्यातले आहेत. गावाकडून, बहुतेक नगर जिल्ह्यातून, पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या माणसांनी इथे सिंहगड रस्त्याच्या बाजूने एखादा फ्लॅट घेतला किंवा दोन गुंठ्यांत घर बांधले. आयुष्यभराच्या कमाईतून उभे राहिलेले ते एवढेच. आणि त्याच्याविषयी घरात कोणी बोलत नाही. ‘फादर, मृत्युपत्र केलं की माणूस लवकर जातो’, असे मला एका आजोबांनी अगदी गंभीरपणे सांगितले. मी त्यांना म्हणालो, विम्याचा हप्ता भरताना तुम्हाला तसे वाटले नाही ते बरे झाले.

मरणाचा दिवस आणि घटका आपल्या हाती नाही, हे खडकवासल्याच्या माणसाला निराळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत फुटले, पाठोपाठ आपले धरणही गेले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. आदल्या रात्री लोक नेहमीसारखे जेवून झोपले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पुष्कळ जण समजतात, आपल्यामागे घर आपोआप पत्नीचे होईल. तसे नाही. आपण ख्रिस्ती लोक १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली येतो. मृत्युपत्र न करता पती वारला आणि त्याला मुले असली, तर पत्नीला मिळतो फक्त एक तृतीयांश हिस्सा. उरलेले दोन तृतीयांश मुला-मुलींमध्ये समान वाटले जातात. समजा, फ्लॅट एकट्या पतीच्या नावावर आहे, त्याची किंमत ९० लाख आहे आणि तीन मुले आहेत. तर पत्नीचे ३० लाख, प्रत्येक मुलाचे वीस-वीस. कागदावर हे ठीक दिसते. पण घराचे तुकडे होत नाहीत. एका मुलाला पैशांची निकड लागली आणि तो म्हणाला, ‘आई, विकून टाकू’, तर जिने चाळीस वर्षे त्या घरात चूल पेटवली ती बाई आपल्याच घरात एक तृतीयांशाची मालकीण होऊन बसते. (पत्नी आधी गेली आणि घर तिच्या नावावर असले तर पतीलाही हाच नियम आहे.)

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मुले असताना मृताच्या आईला या कायद्याने काहीच मिळत नाही. आपला सत्तर वर्षांचा मुलगा नव्वदीच्या आईला सांभाळत असेल आणि तोच आधी गेला, तर त्या माउलीचा त्याच्या घरावर कायद्याने हक्क नाही. मुले नसलेल्या जोडप्यांनीही सावध राहावे. त्यांच्या बाबतीत पत्नीला अर्धे मिळते, उरलेले अर्धे पतीच्या वडिलांना, आणि वडील नसतील तर आई, भाऊ आणि बहिणींना. पतीचा दूरचा भाऊ, जो दवाखान्यात एकदाही डोकावला नाही, तो हिश्शासाठी मात्र दारात उभा राहू शकतो.

प्रभू येशू क्रुसावर होता तेव्हा त्याच्या मालकीचे काय उरले होते? अंगरखासुद्धा शिपायांनी चिठ्ठ्या टाकून नेला. तरी त्या वेदनेतही त्याने एक व्यवस्था लावली. आपली आई त्याने योहानाच्या हाती सोपवली, आणि संत योहान सांगतो की त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. बघा, तिथे संदिग्धता नव्हती. कोणी कोणाला सांभाळायचे, हे दोघांच्या समक्ष सांगितले गेले. ‘मुलं बघतील काय ते’, असे प्रभू म्हणाला नाही.

हल्ली एक नवा शब्द आपल्या घरांत आला आहे, लिव्हिंग ट्रस्ट. मुलगा किंवा जावई अमेरिकेत असतो. तो फोनवर सांगतो, ‘पप्पा, इथं सगळे लिव्हिंग ट्रस्ट करतात, तुम्हीही करा.’ मुलाचा हेतू चांगला असतो. तिथे माणूस हयात असतानाच आपले घर आणि ठेवी एका विश्वस्त व्यवस्थेच्या नावे करतो. बहुतेक वेळा तो स्वतःच विश्वस्त असतो, आणि त्याच्यामागे ठरवलेला माणूस ती पुढे चालवतो. याचे मोठे कारण असे की तिथे मृत्युपत्र न्यायालयातून सिद्ध करून घेण्याचे काम, ज्याला प्रोबेट म्हणतात, लांबते आणि खर्चिक असते. ट्रस्टमुळे ते टळते. पण आपल्याकडे २००२ च्या दुरुस्तीनेच भारतीय ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रांना प्रोबेटच्या सक्तीतून वगळले आहे. वाद उभा राहिला किंवा एखाद्या कार्यालयाने हट्ट धरला तर न्यायालयाची पायरी चढावी लागेल, हे खरे. तरी ज्या दुखण्यावर ते औषध आहे, ते दुखणे आपल्याला तितकेसे नाही. शिवाय इथे राहते घर ट्रस्टच्या नावे करायचे तर १८८२ च्या विश्वस्त कायद्याप्रमाणे लेख नोंदवावा लागतो, मुद्रांक भरावा लागतो, मग ट्रस्टचा निराळा पॅन, निराळे हिशेब, निराळे विवरणपत्र. एक फ्लॅट आणि थोड्या ठेवी असलेल्या निवृत्त माणसाने हे ओझे कशासाठी उचलावे, मला समजत नाही.

मात्र एका घराबाबत मी वेगळे सांगेन. ज्यांच्या पोटी असे लेकरू आहे, जे मोठे झाले तरी स्वतःचा व्यवहार सांभाळू शकणार नाही, त्या आईवडिलांनी ट्रस्टचा विचार अवश्य करावा. अशा मुलाच्या नावे नुसते घर ठेवून उपयोग नाही. ते राखणारे आणि त्यातून त्याचे औषधपाणी करणारे विश्वासू हात हवेत. एकाच भावावर सगळा भार टाकण्यापेक्षा दोन-तीन विश्वस्त असावेत. हा ट्रस्ट मृत्युपत्रातूनही निर्माण करता येतो, म्हणजे आपल्या हयातीत घर आपलेच राहते. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडीलही कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे लक्षात ठेवा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून पालक नेमून घेता येतो. केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांनी आणखी एक करावे. स्वतः कमवू न शकणाऱ्या अपंग अपत्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याचे नाव आपण हिंडते-फिरते असतानाच कार्यालयात नोंदवून घ्या. ‘माझ्यामागे याचं कसं होणार’, या एका चिंतेने रात्र-रात्र जागणाऱ्या आया मला ठाऊक आहेत. भगिनींनो, तुमच्या जागरणाला देव साक्षी आहे, पण एखाद्या सकाळी ते कागदही करून घ्या.

ट्रस्टहून अधिक मोह असतो तो बक्षीसपत्राचा. महाराष्ट्रात राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस द्यायचे तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. मग कोणीतरी सुचवते, ‘आत्ताच करून टाका, नंतरची कटकट नको.’ इथे मला बेन सिराच्या ग्रंथाची आठवण होते. हे पुस्तक आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे. इसवीसनापूर्वी सुमारे दोनशे वर्षांमागे जेरुसलेमला लिहिणाऱ्या या शहाण्या माणसाने तेहतिसाव्या अध्यायात अगदी आपल्या घरातला विषय काढला आहे. जीव आहे तोवर मुलगा, पत्नी, भाऊ, मित्र, कोणाच्याही हाती स्वतःला देऊ नको, असे तो बजावतो. मुलांनी तुझ्याकडे मागावे हे बरे, तू त्यांच्या हाताकडे पाहावेस हे बरे नव्हे. वाटणी करायची ती आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर. तेव्हा लिव्हिंग ट्रस्ट नव्हते आणि सब-रजिस्ट्रारही नव्हता, पण म्हाताऱ्या बापाचे दुःख तेच होते.

तुम्ही म्हणाल, उधळ्या पुत्राच्या दाखल्यातल्या बापाने तर हयातीतच वाटणी केली. केली खरी, आणि मग काय झाले तेही संत लूकने लिहिले आहे. एकाने हिस्सा उडवला, दुसरा सगळे मिळूनही अंगणात रुसून उभा राहिला. तो बाप म्हणजे आपला स्वर्गीय पिता आहे, सगळे देऊनही त्याचे काही कमी होत नाही. आपली गोष्ट तशी नाही. आपण बक्षीसपत्रावर सही केली की घर गेले. ते सहजी परत घेता येत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ अशा आईवडिलांना आधार देते. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पण डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी अट होती हे दाखवावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचे बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द ठरवले आणि हा कायदा वृद्धांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे सांगितले. तिच्याजवळ मुलाने लिहून दिलेला कागद होता. तेव्हा द्यायचेच असेल तर सांभाळाची अट लेखात स्पष्ट घाला. माझे मत विचाराल तर, राहते घर हयातीत देऊ नका. मृत्युपत्र करा. त्याने आज काहीही हातचे जात नाही, मन बदलले तर ते बदलता येते, आणि शेवटचे केलेले तेवढे लागू होते.

मृत्युपत्र करायला किती कमी लागते ते ऐकून पुष्कळांना नवल वाटते. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. नोंदवले तर बरे, पुढे कोणी सहीबद्दल शंका घेतली तर उपयोगी पडते. दोन साक्षीदार हवेत आणि तुम्ही सही करताना त्यांनी पाहिलेले असावे. मात्र साक्षीदार निवडताना एक चूक फार होते. ज्याला काही मिळणार आहे, त्याने किंवा त्याच्या पती-पत्नीने साक्ष केली, तर मृत्युपत्र टिकते पण त्याला दिलेले रद्द होते. घरात हाताशी आहे म्हणून जावयाची सही घेतली, तर मुलीचा हिस्सा गेला! शेजारी घ्या, जुना सहकारी घ्या, आपल्याहून वयाने लहान असे घ्या. उतारवयात करत असाल तर त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला जोडा. विधुराने किंवा विधवेने पुन्हा विवाह केला तर आपल्या कायद्याने आधीचे मृत्युपत्र रद्द होते, तेव्हा नवे करावे. आणि ते लिहून झाल्यावर एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये कुलूपबंद करून ठेवू नका. माणूस गेल्यावर तो लॉकर उघडायलाच खटपट करावी लागते.

‘पण फादर, मी सगळीकडे नॉमिनी लावला आहे’, असेही सांगतात. आपल्या सर्वांच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ असते. ते सुरू करणारे जयंत साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्र केले होते, आणि गुंतवणुकींवर नॉमिनीही होते. दोहोंतले कोणते चालायचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला की नॉमिनी मालक होत नाही. तो पैसे स्वीकारतो, मालक ठरतात ते मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. सोसायटीतल्या नॉमिनीचेही तसेच, तो तात्पुरता सभासद असतो.

आता थोडे अवघड बोलतो. मृत्युपत्र हे अन्यायाचेही साधन होऊ शकते. आपला कायदा मुलगा आणि मुलगी यांना समान मानतो. केरळमध्ये हे मान्य व्हायला मेरी रॉय यांच्या खटल्याचा १९८६ चा निकाल यावा लागला, आपल्याकडे तो अडथळाही नव्हता. तरी आपण काय करतो? गावाकडच्या जमिनीचा विषय निघाला की बहिणीला माहेरी बोलावतो, साडीचोळी करतो आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतो. ती बिचारी माहेर तुटू नये म्हणून सही करते. बाप्तिस्म्याचे पाणी दोघांच्या डोक्यावर सारखेच पडले ना? गणना ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात. मोशे तो प्रश्न देवापुढे नेतो, आणि देव सांगतो की मुलींचे म्हणणे बरोबर आहे. मुलीला कमी द्यायचे असे ठरवताना आपण तिच्या तोंडावर ते सांगू शकतो का, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. कधी कारणे असतात. एका मुलाच्या शिक्षणावर आधीच पुष्कळ खर्च झालेला असतो, एकीने आईचे अंथरूण काढलेले असते. मग ते कारण मृत्युपत्रात दोन ओळींत लिहा. रकमेपेक्षा न सांगितलेल्या कारणाने मुले जास्त दुखावतात.

पत्नीविषयी माझे मत स्पष्ट आहे. काही जण तिला फक्त हयातभर राहण्याचा हक्क देतात आणि मालकी मुलांना. त्याने छप्पर राहते, पण ऑपरेशनची वेळ आली तर ती घर विकू शकत नाही, गहाणही ठेवू शकत नाही. जिने तुमच्या पगारात संसार केला, तिला पूर्ण मालकी सोपवायला कसली भीती?

आता काही जण मनात म्हणत असतील, फादरांचा रोख शेवटी चर्चला देणगीवर येणार. पूर्वी आपल्या लोकांना मृत्युपत्राने धर्मकार्याला देणगी द्यायची तर कायद्याच्या कलम ११८ ची अडचण होती. जवळचे नातेवाईक असतील तर ते मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेले असावे लागे. केरळच्या फादर जॉन वल्लामट्टम यांनी त्याला आव्हान दिले आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. तेव्हा देता येते. पण मी तुम्हाला संत मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचायला सांगेन. आईवडिलांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे असे म्हणून हात झटकणाऱ्यांवर प्रभू तिथे किती संतापला आहे! आधी पत्नी, आई, दुबळे लेकरू. त्यांचे भागून उरले आणि मनापासून वाटले तर एखाद्या गरीब मुलाची फी, एखाद्या रुग्णाचे औषध. त्यातून चर्चला काही नाही आले तरी मी तुमच्या मर्तिकाचा मिस्सा तितक्याच भक्तीने करीन.

भाऊ-भाऊ कधी कधी माझ्या कार्यालयात येतात, ‘फादर, तुम्हीच वाटणी सांगा’ म्हणतात. संत लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतल्या एकाने प्रभूकडे हेच मागितले होते आणि प्रभूने वाटणी करणारा व्हायला नकार दिला. मग त्याने कोठारे वाढवणाऱ्या त्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला सांगितला, ज्याने पुढच्या पुष्कळ वर्षांचा बेत केला आणि साठवलेले कोणाचे होणार, हे ठरवण्याआधीच त्याची रात्र आली. मीही वाटणी करत नाही. पण वडील हयात असताना सगळे एकत्र बसणार असतील, तर मी येईन, चहा घेईन, प्रार्थना म्हणेन आणि गप्प बसेन. बोलायचे ते त्यांनीच.

येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर सभागृहात एक वकील भगिनी आपल्यासाठी वेळ देणार आहेत. पती-पत्नींनी मिळून यावे, म्हणजे एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही असे होणार नाही. येताना घराचा इंडेक्स टू, सोसायटीचे भागपत्र, पेन्शनचा आदेश, बँकेची पासबुके आणि गावाकडे जमीन असेल तर सातबारा यांच्या झेरॉक्स आणाव्यात. सातबारावर भाऊबंदांची नावे असतील तर आपल्या हिश्शापुरतेच लिहिता येते, ते तिथे पाहून घेऊ. विधवा भगिनींनीही यावे. घर तुमच्या नावावर असेल तर मृत्युपत्र तुम्हालाही करायचे आहे. ज्यांना चालवत नाही त्यांनी शनिवारपर्यंत कार्यालयात नाव द्यावे, आमची तरुण मुले स्कूटरवरून घेऊन येतील.

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मगुरू